दोष पायाचा की चाकाचा

जीपचा फोटो पाहून तुम्ही दोघांनी विचारलं होतं, आजोबांनी एवढे मोठे टायर कशाला बसवले. मग महिनाभर जीपचा एकही फोटो आला नाही, तेव्हा ते का, हेही विचारलंत. फोनवर मी “नंतर सांगते” म्हणाले, कारण तेव्हा माझ्याकडेच उत्तर नव्हतं. आता आहे. क्रमाने लिहिते. क्रम चुकला तर आजोबांवर अन्याय होईल.

आपली मोसंबीची बाग अंबडपासून फार लांब नाही. पण डांबरी रस्ता सोडला की शेवटचे तीन किलोमीटर काळ्या मातीचे आहेत. पावसाळ्यात ही माती चाकाला अशी लपेटते की मोटारसायकलचं पुढचं चाक फिरायचंच थांबतं. मग माणूस काडीने चिखल काढत बसतो आणि दहा पावलांवर पुन्हा तेच. म्हणून जीप. तुमचे बाबा चौथीत होते तेव्हा ती घरात आली. चारही चाकं ओढणारी, वरून उघडी, आणि आवाजाने सगळ्या गल्लीला जागं करणारी. आजोबा रोज सकाळी सात वाजता बागेत जातात आणि अकरा वाजता जेवायला परततात. गुडघा धरल्यापासून ते चिखलातून चालू शकत नाहीत. जीप नसली तर पावसाळ्याचे चार महिने बाग नाही, आणि चार महिने लक्ष दिलं नाही तर मोसंबी राहत नाही. मग ती बटईने देऊन टाकायची, म्हणजे दुसऱ्याने करायची आणि आपण वाटा घ्यायचा. आजोबांना हा शब्दही आवडत नाही.

मागच्या दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा तुमच्या बाबांनी एक अट घातली. तुम्ही दोघं अंगणात होतात, म्हणून ऐकलं नसेल. ते म्हणाले, “बाबा, तुमचं वय चौऱ्याहत्तर. चालवा, मी अडवत नाही. पण ज्या दिवशी गाडी कशाला लागेल, त्या दिवशी चावी आईकडे द्यायची आणि जीप विकायची.”

आजोबा लगेच कबूल झाले. चाळीस वर्षांत त्यांची गाडी कशालाच लागली नव्हती.

या आषाढात तुमचा चुलतकाका, म्हणजे आमचा पुतण्या, जालन्याहून चाकांवर चढवलेले चार टायर घेऊन आला. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर डोंगरात जीप घालायचा त्याला नाद आहे. स्वतःच्या गाडीसाठी घेतलेले टायर त्याला लहान वाटायला लागले होते, म्हणून आजोबांना दिले. जुने टायर उंचीला अठ्ठावीस इंच, नवे एकतीस. मी टेपने मोजले. रुंदीलाही ते जास्त होते आणि वजनाला इतके की एक टायर मला जागचा हलवता आला नाही. जुनी चाकं गोठ्यात ठेवली.

चिखलात त्यांनी कमाल केली, हे मान्य करते. पहिल्याच दिवशी आजोबा बांधापर्यंत कुठेही न अडकता गेले. परत आल्यावर म्हणाले, “चिखल असा मागं पडून राह्यला, जसा न्हाईच.”

मी विचारलं, “आणि ब्रेक? चाक वाढलं, तर ब्रेक तेवढाच पुरतो का?”

“म्या पाह्यलं ना शेतात दाबून. बिलकुल जागेवर थांबली.”

माझं समाधान झालं नव्हतं, पण मी पुढे विचारलं नाही. ती माझी चूक.

आपल्याकडे गाडीला काहीही नवं लागलं की ती राजूरच्या गणपतीला नेतात. नवी गाडी तर नेतातच, पण नवं इंजिन बसवलं तरी नेतात. गाडीला हार घालायचा, चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची आणि ती चिरडून निघायचं. पुतण्या म्हणाला, “काका, टायर नवे हायेत, चतुर्थीला जाऊन येऊ.” आम्ही सहाजण बसलो. राजूर जवळ आलं तशी गर्दी वाढली. आमच्यापुढे एक बस होती. ती माणसं उतरवायला थांबली आणि आजोबांनी ब्रेक दाबला.

मी त्यांच्या शेजारी होते. त्यांचा पाय वेळेवर गेला, हे मी पाहिलं. जीपचा वेग कमी झाला, पण ती थांबेना. आजोबा जवळजवळ उभे राहिले पेडलवर. बसला लागू नये म्हणून त्यांनी गाडी डावीकडे घेतली, आणि डावीकडे नारळाचं दुकान होतं. बंपर नारळांच्या ढिगात शिरून थांबला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण नारळ सगळ्या रस्त्यावर गडगडत गेले, काही बसखाली गेले.

दुकानवाली बाई खाली बसून नारळ गोळा करता करता म्हणाली, “काका, नारळ फोडायचेच असतेत. पण मंदिरात जाऊन.”

सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी गुडघा दुखत असताना वाकून नारळ गोळा केले, फुटलेल्यांचे पैसे दिले, आणि पुतण्याने लिंबं काढली तेव्हा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. नारळ झाले तेवढे बस.” परत येताना जीप पुतण्याने चालवली, बैलगाडीच्या वेगाने.

घरी आल्यावर हातपाय धुऊन ते जेवायला बसले. बसण्याआधी त्यांनी चावी माझ्या ताटाशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तुमच्याकडे संध्याकाळ असताना, मी तुमच्या बाबांना फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. लपवायचा प्रश्न नव्हता.

ते म्हणाले, “आई, आपलं ठरलं होतं.”

“ठरलं होतं. मला पंधरा दिवस दे. त्यांचा पाय कमी पडला की चाक जास्त झालं, ते मला पाहू दे. पाय कमी पडला असेल तर गिऱ्हाईक मी स्वतः शोधते.”

“आणि चाक असेल तर?”

“तर पायाला शिक्षा कशाला?”

त्यांनी पंधरा दिवस दिले.

आता आजोबांच्या शेतातल्या तपासणीबद्दल सांगते, कारण असल्या चुका शहरातली माणसं करणार नाहीत, आमच्याचकडे होतात. ओल्या काळ्या मातीत गाडी थांबवायला ब्रेक लागतच नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की मातीच गाडी धरून ठेवते. आजोबांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि त्यांना वाटलं ब्रेकने थांबवली. पन्नास वर्षं त्या मातीत वावरलेल्या माणसाला ती मधे आहे हेच जाणवलं नाही.

म्हणून तपासणी डांबरावर करायची ठरली. तलावाकडे जाणारा एक सरळ, सपाट रस्ता आहे, तिथे दुपारी कोणी फिरकत नाही. मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी आणि विज्ञान शिकवलं, आणि खेळाच्या मैदानावर रेषा आखायचं कामही माझ्याकडेच असायचं. त्यामुळे फक्की कशी टाकायची हे मला माहीत होतं. रस्त्यावर पांढरी रेषा टाकली. काटा चाळीसवर ठेवून यायचं, पुढची चाकं रेषेवर आली की ब्रेक दाबायचा, गाडी थांबेल तिथपर्यंत टेप लावायचा. एकदा पुतण्या, एकदा आजोबा, प्रत्येकाने तीन वेळा. आपला सालगडी रस्त्याच्या एका टोकाला उभा राहिला आणि त्याची बायको लाल ओढणी घेऊन दुसऱ्या टोकाला. पहिल्याच फेरीला तिच्याकडून शेळ्या आल्या. ती ओरडून म्हणाली, “बाई, शेळ्याला ओढणी कळत न्हाई, काय करू?” शेळ्या जाईपर्यंत थांबलो.

पहिल्या दिवशी फक्त नव्या टायरांवर झालं. पुतण्याची जीप एकवीस मीटरवर थांबली, आजोबांची चोवीसवर.

आजोबांनी माझ्या वहीत वाकून पाहिलं. “म्हणजे तीन मीटर माझ्या पायाचे,” ते म्हणाले.

“अजून अर्धंच झालंय. जुनी चाकं राहिलीत.”

“तीन मीटर म्हणजे एक माणूस, बाई.” ते मला एरवी बाई म्हणतात ते चिडवायला. त्या दिवशी चिडवणं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी सालगड्याला विचारलं, बटईने बाग कोण करेल. मी ऐकलं आणि स्वयंपाकघरात गेले.

दोन दिवसांनी गोठ्यातली जुनी चाकं काढून बसवली आणि सगळं पुन्हा केलं. तोच रस्ता, तीच रेषा. पुतण्या पंधरा मीटर. आजोबा साडेपंधरा.

पुतण्याने टेप सोडून टाळी वाजवली. “काका, अर्ध्या मीटरचा फरक तर मी जेवून आलो असतो तरी पडला असता.” परत येताना आजोबांनी स्टेअरिंग स्वतःकडे घेतलं, आणि मी चावी दिली. दोष चाकाचा होता. तुमच्या बाबांना कळवायचं वाक्यही मी मनात जुळवून ठेवलं.

ते वाक्य मी पाठवलं नाही, आणि त्याचं कारण रस्त्याकडेचे दगड. पुतण्याने त्या आठवड्यात पुन्हा मोठी चाकं बसवून जीप जालन्याला मिस्त्रीकडे न्यायची ठरवली. मी बरोबर बसले. काही मोजायला नसलं की मला प्रवासात चैन पडत नाही, म्हणून मी किलोमीटरचे दगड आणि जीपमधला आकडा यांचा मेळ घालत होते. दहा दगड गेले, आणि आकडा नऊच पुढे सरकला. चाक मोठं झालं की एका फेरीत ते जास्त रस्ता कापतं, पण काट्याला ते कळत नाही. तो जुन्या चाकाचाच हिशोब धरून बसतो. म्हणजे काटा चाळीस दाखवत होता तेव्हा जीप चव्वेचाळीसने धावत होती. राजूरलाही तसंच झालं असणार. माझी मोठ्या चाकांवरची तपासणी जास्त वेगाची होती आणि लहान चाकांवरची कमी वेगाची. शाळेत एखाद्या मुलीने असा प्रयोग केला असता तर मी वही परत केली असती.

मिस्त्रीकडे न जाता जीप तशीच परत फिरवली आणि घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, “मंग आता?”

“मोठ्या चाकांवर पुन्हा करायला हवं. मोबाइलमध्ये खरा वेग दिसतो, तो पाहून.”

“जिंकलेली केस पुन्यांदा कोर्टात कशाला नेऊन राह्यलीस?”

“कारण मुलगा विचारेल. त्याने नाही विचारलं तरी मला माहीत आहे.”

तासाभराने ते बूट घालून दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “चल, जल्दी. ऊन उतरलं की शेळ्या येतेत.”

खऱ्या चाळीसच्या वेगाला मोठ्या चाकांवर पुतण्याची जीप साडेसतरा मीटरवर थांबली, आजोबांची साडेएकोणीसवर. आकडे खाली आले होते, पण खोट गेली नव्हती. चाकांनी पुतण्याचे अडीच मीटर खाल्ले होते. आजोबांची जीप पुतण्याच्याही दोन मीटर पुढे गेली होती, आणि ते दोन मीटर मी चाकाच्या नावावर लिहू शकत नव्हते. मी ते वहीत तसेच लिहिले.

मग आम्ही तिघं मिस्त्रीकडे गेलो, आणि या दोन मीटरांचा अर्थ त्यांनी सांगितला. जालन्यात त्यांचं गॅरेज आहे. माणूस साठीचा, कमी बोलणारा. त्यांनी चारही चाकं उतरवली, आत पाहिलं, ब्रेकचं तेल काळं झालं होतं ते बदलायला काढलं, आणि वही माझ्याकडून मागून घेऊन वाचली. मग गॅरेजच्या लोखंडी दाराकडे गेले.

“बाई, इकडं या. तुम्ही दाराच्या कडेला ढकला. मी इथं बिजागरीजवळ धरतो.”

मी ढकललं. एवढा दणकट माणूस, पण बिजागरीजवळ हात लावून त्यांना दार धरवेना.

“ब्रेक इथं बसतो, आत, मधी,” ते म्हणाले. “रस्ता तिकडून ढकलतो, टायरच्या कडेनं. तुम्ही दार रुंद केलं, माझा हात तिथंच. मंग ताकद कुठून आननार?”

आजोबा म्हणाले, “पायातून.”

“बराबर. पुतण्या आननार, तुम्ही कमी आननार. पाय वाईट न्हाई काका. वझं जास्त दिलं पायाला. या जीपला पाय हलका करणारा बूस्टर कंपनीनंच दिलेला न्हाई. जुन्या चाकाला गरज नव्हती.”

मी विचारलं, मोठा टायर लावला की प्रत्येक वेळी ब्रेक बदलावाच लागतो का. तुम्हीही हेच विचाराल, म्हणून त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते.

“न्हाई. इंचभर वाढवलं, वजन फार न्हाई, तर आहे तेच ब्रेक साफ करा, तेल बदला, बराबर टाईट करा, भागतं. तीन इंच वाढवलं, टायर असं जड, सहा माणसं बसवनार, आन जाणार राजूरच्या गर्दीत, तर मी हात जोडतो. एक तर जुनी चाकं लावा. न्हाई तर पुढं डिस्क ब्रेक बसवा आन बूस्टर घ्या. दोन्ही न करता माझ्याकडून गाडी नेऊ नका.”

पुतण्या खाली पाहत होता. मग म्हणाला, “काका, मी टायर आणले तेव्हा हे सांगायला पायजे व्हतं. माझ्या गाडीला डिस्क हाये, मी इचारच केला न्हाई.”

“तू आनले, म्या लावले,” आजोबा म्हणाले. “नारळ दोघांचे.”

जीप गॅरेजमध्येच ठेवली, आणि जुनी चाकं लावायची की ब्रेक करायचे, यावर घरी दोन दिवस चर्चा झाली. जुन्या चाकांनी ब्रेकचा प्रश्न मिटत होता, पण श्रावणात जीप बांधाआधीच रुतायची, आणि मग ट्रॅक्टरवाल्याला बोलावून ओढून काढायची. मागच्या पावसाळ्यात असं पाच वेळा झालं होतं. शेवटी मीच म्हणाले, ब्रेक करा. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण खर्चाच्या बाजूने मी सहसा बोलत नाही.

मिस्त्रीने चार दिवस घेतले. पुढे डिस्क, बूस्टर, नवीन तेल. काट्याचं काय, विचारलं तर ते म्हणाले, तो नंतर दुरुस्त करू, तोवर ध्यानात ठेवा. ध्यानात ठेवा यावर माझा विश्वास नाही. मी काट्याच्या काचेवर छत्तीसच्या जागी लाल चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. तो म्हणजे खरे चाळीस.

पंधरा दिवसांतला शेवटचा दिवस. पुन्हा तलावाचा रस्ता, फक्की, टेप, लाल ओढणी. पुतण्या साडेचौदा मीटरवर थांबला. आजोबा निघाले तेव्हा मी टेपचं टोक रस्त्यावर इतकं दाबून धरलं होतं की बोटावर वळ उठला. जीप रेषेवर आली, पुढून किंचित वाकली आणि थांबली. धक्का नाही, ताण नाही. आजोबा बसूनच होते. साडेचौदा मीटर आणि वर एक वीत.

सालगड्याची बायको लांबून चालत आली, जमिनीवरची खूण पाहून म्हणाली, “एवढ्यासाठी मला चार दिवस उन्हात उभं केलं व्हय, बाई? वीत तर माझी बी चुकंल.”

मी वहीची चारही पानं फोटो काढून तुमच्या बाबांना पाठवली. साडेएकोणीसचं पान आजोबांनी आधी मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. “हे पण जाऊ दे,” म्हणाले.

तुमच्या बाबांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्यांनी आधी आजोबांशी बोलायचं म्हटलं. मी दुसऱ्या खोलीत गेले, पण आजोबा फोनवर ओरडून बोलतात, त्यामुळे अर्धं ऐकू आलं. “हो. हो. पाऊस असला तर शहरात नेत न्हाई. हो, गर्दीत पुतण्या चालवील.” मग, “दरवर्षी? बरं. घे तू परीक्षा. पेपर तुझी आईच काढती.”

असं ठरलं की दर आषाढात त्याच रस्त्यावर हीच तपासणी होईल. आजोबा पुतण्यापेक्षा एक मीटरहून जास्त मागे पडले, तर जीप जाईल. तोवर चावी त्यांच्याकडे. तुमच्या बाबांनी मला विचारलं, आई, हे तुला पटतं ना. पटतं, म्हणाले. पुढच्या आषाढात काय होईल ते मला माहीत नाही. वय माझ्या हातात नाही. टेप आहे, आणि तो मी सरळ धरीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जीप गेली. अकराला परत आली, चाकांना वरपर्यंत चिखल. आजोबा जेवताना म्हणाले की बागेच्या उत्तरेचा कोपरा कित्येक वर्षं रिकामा पडलाय, तिथे मोसंबीची साठ कलमं लावायला सांगून आलोय, या आठवड्यात येतील.

मोसंबीच्या कलमाला नीट फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी फक्त विचारलं की खड्डे किती अंतरावर घ्यायचे. ते म्हणाले, अठरा फूट. मग त्यांनी माझा टेप मागितला.